पांढऱ्या ग्रीसची डबी

माझ्या हाताला गुण आहे असं लोक म्हणायचे. मी म्हणत नव्हतो, लोक म्हणायचे. पण ऐकायला गोड वाटायचं, हे खोटं कशाला सांगू. भुसावळला रेल्वेच्या सिग्नल खात्यात लागलो तेव्हापासूनचं हे. एखादा रिले हट्टाला पेटला आणि चार जण त्याच्यापुढे हात टेकून बसले, की साहेब म्हणायचे, दशरथला बोलवा. मी जायचो, कव्हर काढायचो, दोन ठिकाणी बोटं फिरवायचो आणि काम चालू. पुढे बदली होऊन जयपूरला आलो, इथंच रिटायर झालो, सांगानेरला दोन खोल्या बांधल्या, तरी ते बिरुद काही सुटलं नाही. शेजारच्या मीणाजींनी नवा कूलर आणला तरी पहिलं बटण मी दाबायचं. आमची प्रभावती म्हणायची, "एवढा गुण आहे तर आपल्या मोरीतला नळ का गळतो?"

रिटायर झाल्यावर सहा महिने घरात बसलो आणि प्रभावतीच्या डोक्याचा भुगा केला. मग कुणाच्या तरी ओळखीनं युनिव्हर्सिटीच्या फिजिक्सच्या लॅबमध्ये कंत्राटावर लागलो. त्यांना बारीक कामाचा माणूस हवा होता. तिथं एक ड्रिफ्ट चेंबर बांधायचं होतं. नाव मोठं, पण वस्तू म्हणजे स्वयंपाकाच्या ओट्याएवढी लांब ॲल्युमिनियमची पेटी. आत गॅस भरायचा आणि एका टोकापासून दुसऱ्या टोकापर्यंत दोनशे चाळीस तारा ताणायच्या. तार कसली, केसाचे तीन उभे भाग केले तर त्यातला एक. सोन्याचं पाणी दिलेली. प्रत्येक तारेला पन्नास ग्रॅमचं वजन लटकवायचं, ताण बरोबर बसला की टोक पक्कं करायचं, आणि श्वाससुद्धा बाजूला तोंड करून घ्यायचा. त्या सगळ्या तारा मी आणि प्रणालीनं सात महिन्यांत ओढल्या. तुटल्या फक्त नऊ, आणि त्यातल्या सात तिच्या.

प्रणाली म्हणजे तिथली पीएचडीची पोरगी. वडील फौजेत सुभेदार, मूळचे कोरेगावचे. जयपूरच्या छावणीतून रिटायर होऊन ते गावी गेले आणि ही होस्टेलवर राहिली. सगळं बालपण छावण्यांमध्ये गेलेलं, त्यामुळे मराठी बोलायची ते ठेचकाळत. "काका, मतलब, ते तार मी पकडली, पण हात थोडासा हिललं." मी हसायचो, ती चिडायची. रविवारी आमच्याकडे जेवायला यायची. भरली वांगी म्हणजे तिचा जीव की प्राण. आम्हाला मूलबाळ नाही, हेही इथंच सांगून टाकतो, म्हणजे पुढे कुणी विचारायला नको.

त्या पेटीचं काम काय, ते प्रणालीनं मला माझ्याच भाषेत समजावलं होतं. आकाशातून सारखे बारीक कण पडत असतात, तुमच्या आमच्या अंगातून जातात, आपल्याला पत्ता नसतो. असा कण पेटीतून गेला की गॅसमध्ये इलेक्ट्रॉन मोकळे होतात आणि वाहत वाहत जवळच्या तारेपर्यंत येतात. यायला किती वेळ लागला ते मोजायचं, त्यावरून कण तारेपासून किती लांबून गेला ते काढायचं. "काका, मागच्या स्टेशनवरून गाडी कधी सुटली आणि इथं कधी पोचली, त्यावरून तुम्ही सांगता ना किती लांब आहे? तसं." पण त्यासाठी आधी टेबल लागतं, इतक्या वेळाला इतकं अंतर. ते टेबल बनवायचं, तपासायचं, प्रत्येक तारेचं जुळतंय का बघायचं, हेच तिचं पीएचडी. जूनमध्ये पेटी कंटेनरमधून परदेशातल्या एका मोठ्या प्रयोगाला जायची होती आणि जूनच्या तीस तारखेला तिची फेलोशिप संपत होती. घोडामैदान जवळच होतं.

जानेवारीत सगळं जोडून झालं आणि पेटी गळायला लागली. गॅस बाहेर जात होता, त्यापेक्षा वाईट म्हणजे हवा आत येत होती. हवेतला ऑक्सिजन ते वाहणारे इलेक्ट्रॉन वाटेतच गिळतो. आठ दिवस सगळे पेटीभोवती साबणाचं पाणी लावून बुडबुडे शोधत होते. आमचे नीरज सर, लॅबचे प्रमुख, माणूस शांत, पण तेही नखं खायला लागले. प्रणालीनं जेवण सोडलं.

मला आधीच कळलं होतं. झाकणाखाली रबराची गोल दोरी बसवली होती आणि ती कोरडी बसवली होती. आमचे मोरेश्वर मेस्त्री भुसावळला पहिल्याच दिवशी सांगायचे, रबर कधी कोरडं बसवायचं नाही. पावसाळ्यात केबलचा सांधा असो की रूळ बदलणाऱ्या पॉइंट मशिनचं झाकण, पांढरं ग्रीस बोटावर घ्यायचं, रबरावर फिरवायचं, मग झाकण. चाळीस वर्षांत माझ्या सांध्यात पाणी शिरलं नाही. ती ग्रीसची डबी रिटायर होताना मी हत्यारांच्या पेटीतून घरी आणली होती. वरचा कागद केव्हाच झिजून काळा पडलेला. आम्ही तिला पांढरं ग्रीस म्हणायचो. ते कशाचं असतं, हे कुणी विचारलं नाही, कुणी सांगितलं नाही.

सतरा जानेवारीला सकाळी सातला, कुणी यायच्या आत, मी झाकण उघडलं. मोजून पाऊण तास. खालच्या बाजूला जरा जास्त लावलं, कारण गळती तिथंच असते असा माझा अंदाज. दहा वाजता सगळे आले, ऑक्सिजनचं मीटर बघितलं, आणि काटा खाली. सर माझ्याकडे बघून म्हणाले, "दशरथजी, क्या किया आपने?"

इथंच सांगायला हवं होतं. पण मोरेश्वर मेस्त्रींची दुसरी शिकवण होती, काम दाखवावं, कृती सांगू नये. आणि खरं सांगू का, तेवढ्या सगळ्या शिकलेल्या माणसांनी माझ्याकडे तसं बघितलेलं मला आवडलं होतं. मी म्हणालो, "कुछ नहीं सर, हाथ का गुण है."

सगळे हसले. प्रणालीनं लॉगबुकात लिहिलं, मोठ्या अक्षरात, देवनागरीत: लीक बंद. काकांचा हात. आणि हाय व्होल्टेज पहिल्यांदा चालू करायचं तेव्हा सगळ्यांनी हट्टानं मला पुढे केलं. बटण मी दाबलं.

फेब्रुवारीत तिचं टेबल असं सुंदर आलं की सरांनी ते दारावर चिकटवलं. दोनशे चाळीस तारा, एका ओळीत. पोरगी आमच्याकडे जेवायला आली आणि प्रभावतीला कागद दाखवून सांगत बसली. प्रभावतीला काय कळणार, पण तीही मान हलवत होती.

मार्चमध्ये टेबल चुकायला लागलं.

तारांमधून येणारा सिग्नल हळूहळू बारीक होत होता. सगळ्या तारांचा सारखा झाला असता तर एक वेळ समजलं असतं, पण काहींचा जास्त, काहींचा कमी. तिनं पुन्हा मोजलं. पुन्हा टेबल केलं. आठ दिवसांनी तेही चुकलं. मग तिला वाटलं हवेचा दाब, म्हणून दाब मोजायचं यंत्र लावलं. मग वाटलं उन्हाळा, म्हणून तापमानाची दुरुस्ती घातली. मग गॅसची टाकी बदलली. मग स्वतःचा प्रोग्रॅम ओळ न् ओळ तपासला. एप्रिल संपता संपता लू, म्हणजे इकडचा तापलेला वारा, सुरू झाली, लॅबचा एसी धापा टाकत होता आणि ती त्या पेटीसमोर खुर्ची ओढून बसलेली असायची. मी डबा उघडून समोर ठेवायचो.

"काका, माझंच काहीतरी चुकतंय."

"अगं, जयपूरची हवा आहे. तिच्यापुढे कुणाचं चालतं?"

"नाही काका. बाकी लोकांना येतं. मला येत नाही, मतलब, मला हे जमतच नाही." मग ती एखादा घास खायची, माझ्या समाधानासाठी.

मेच्या दुसऱ्या आठवड्यात खालच्या बाजूच्या तारांमधून नसता करंट वाहायला लागला. तेव्हा सरांनी दोन तारा काढून बाहेरगावच्या एका संस्थेत मायक्रोस्कोपखाली तपासायला पाठवल्या. रिपोर्ट आला. तारांवर काटे उगवले होते. फोटो बघितला मी, बाभळीची फांदी असावी तसं दिसत होतं. आणि काट्यांमध्ये सिलिकॉन. सरांनी सगळ्यांना बोलावून सांगितलं, सिलिकॉन या चेंबरचं विष आहे. कणभर पुरतं, वाफ होऊन गॅसमध्ये मिसळतं, तारेवर जाऊन बसतं आणि जळून घट्ट होतं. निघत नाही. कशानंही निघत नाही. मग म्हणाले, ज्याच्याजवळ जे काही आहे ते टेबलावर ठेवा. क्रीम, तेल, स्प्रे, सगळं.

मी माझा कंगवा, चष्म्याची डबी आणि किल्ल्या ठेवल्या. प्रणालीनं हाताला लावायचं क्रीम ठेवलं. जयपूरच्या थंडीत तिचे हात उलायचे, रक्त यायचं, म्हणून लावायची. सरांनी ट्यूब फिरवून बारीक अक्षरं वाचली. त्यात सिलिकॉनचा एक प्रकार होता.

"सर, ग्लव्ह्ज होते," ती म्हणाली. "हर बार ग्लव्ह्ज होते, सर." मग म्हणाली, "एकदा फाटला होता शायद."

नीरज सर वाईट माणूस नाही. ते ओरडले नाहीत. त्यांनी फक्त आपल्या रिपोर्टमध्ये लिहिलं, संभाव्य कारण हे क्रीम. माझ्या डोक्यात तेव्हा काहीच नव्हतं, देवाशपथ. मला पोरीची दया येत होती आणि क्रीम बनवणाऱ्यांचा राग.

घरी जाताना बसमध्ये, टोंक फाटकाशी बस थांबली तेव्हा, मला ते झाकणाखालचं रबर आठवलं. कुणी काही बोललं नव्हतं, काही दिसलं नव्हतं. आठवलं, एवढंच. घरी पोचलो, चप्पल न काढता हत्यारांची पेटी उघडली, डबी काढली, रॉकेलचं फडकं घेऊन बूड घासलं. वरचं लेबल गेलेलं, पण बुडावर पत्र्यात अक्षरं उठवलेली होती. भिंग लावून वाचली. इंग्रजी मला वाचता येतं, रेल्वेनं तेवढं शिकवलं. सिलिकॉन.

प्रभावती मागं उभी होती. तिला सगळं सांगितलं. तिनं एकच विचारलं, "त्या पोरीला कधी सांगताय?"

"उद्या," मी म्हणालो.

उद्या गेलो आणि सांगितलं नाही. परवाही नाही. कंत्राट जाईल म्हणून घाबरलो असं नाही, पेन्शन आहे, दोघांना पुरते. नावाला घाबरलो. सगळ्या आयुष्यात माझ्याजवळ तेवढी एकच गोष्ट होती, माझा हात चांगला, आणि ती मी माझ्या तोंडानं कशी मोडू? रोज ठरवायचो, रोज लॅबमध्ये शिरलो की हत्यारं काढून कामाला लागायचो. तिकडे प्रणाली सगळ्यांची माफी मागत फिरत होती. गॅसवाल्या पोराचीसुद्धा मागितली. प्रभावती मला ताट वाढून आत निघून जायची. एकदा म्हणाली, "चोराच्या मनात चांदणं म्हणतात. तुमच्या मनात तर ट्यूबलाइट लागलीय, रात्रभर झोपत नाही आणि मलाही झोपू देत नाही." मी म्हणालो, "सोमवारी नक्की."

शुक्रवारी युनिव्हर्सिटीची पीएचडीची कमिटी बसली. प्रणालीनं सहा महिन्यांची मुदतवाढ मागितली होती, नव्या तारा ओढून पुन्हा मोजमाप करायला. मला वाटलं, कमिटी म्हणजे सह्या करणारी माणसं, करतील सही. त्यांनी सरांचा रिपोर्ट वाचला, विद्यार्थिनीच्या निष्काळजीपणामुळे असा त्यातून अर्थ काढला, आणि अर्ज नामंजूर केला. संध्याकाळी तिनं मला फोन करून सांगितलं, रडत नव्हती. "ठीक आहे काका, गलती मेरी थी," म्हणाली. डबीचं बूड वाचून अकरा दिवस झाले होते.

शनिवारी मी डबी रुमालात बांधून नेली आणि सरांच्या टेबलावर ठेवली. सगळं सांगितलं, सतरा जानेवारीचं, सातचं, पाऊण तासाचं. सरांनी डबी उलटी करून बुडावरची अक्षरं वाचली. मग म्हणाले, "पहले बता देते, दशरथजी." एवढंच. शिवी दिली असती तर मला सोपं गेलं असतं.

त्यांनी माझ्यासमोर कमिटीला फोन लावला. पुढची बैठक डिसेंबरात. त्यांनी पत्र लिहिलं, त्याला एका ओळीचं उत्तर आलं, निर्णय झालेला आहे. मी स्वतः त्या ऑफिसात गेलो, डबी घेऊन. कारकून म्हणाला, "बाबूजी, ये क्या है? आवेदन डाक में डालिए." मी म्हणालो, माझी चूक आहे, पोरीची नाही, कुठं लिहून देऊ सांगा. तो म्हणाला, तुम्ही विद्यार्थी नाही, तुमचा अर्ज कुठल्या फायलीत लावू? बरोबरच होतं त्याचं. तारा पुन्हा ओढायला मी तयार होतो, चार महिने द्या म्हणालो, दिवसरात्र बसतो. पण तार साठ नगांपुरतीच उरली होती आणि कंटेनरमधली आमची जागा दुसऱ्या संस्थेच्या पेटीला देऊन झाली होती. जिथं जावं तिथं दार बंद, आणि बंद करणारा प्रत्येक माणूस आपल्या जागी बरोबर.

पण हे सगळं नंतरचं. त्या शनिवारी सरांकडून उठून मी आधी प्रणालीकडे गेलो होतो. ती लॅबमध्ये पुस्तकं खोक्यात भरत होती. उभ्या उभ्या सांगितलं. वाटलं, मारेल. तिनं हातातलं पुस्तक खाली ठेवलं आणि लॉगबुक ओढून सतरा जानेवारीचं पान काढलं. लीक बंद. काकांचा हात.

"सगळीकडे सारखं लावलं होतं?"

"खाली जास्त. डाव्या कोपऱ्यातून सुरुवात केली. वर नुसतं बोट फिरवलं."

ती संगणकाशी बसली. पंधरा मिनिटं मी मागं उभा. मग पडद्यावर एक रेघ आली. कुठली तार रबरापासून किती लांब आणि तिचा सिग्नल किती पडला, दोनशे चाळीस ठिपके, सगळे त्या रेघेवर. खालच्या डाव्या कोपऱ्यात सगळ्यात वाईट. ती ठिपके बघत राहिली. आणि हसली. कितीतरी दिवसांनी मी तिला हसताना बघत होतो.

"मतलब, माझं टेबल बरोबर होतं. दर वेळेस बरोबर होतं. चेंबर बदलत होतं, काका, मी नाही."

"हो गं बाळा."

"तीन महिने मला वाटत होतं की मला फिजिक्स येतच नाही." हे ती हसत हसतच म्हणाली, आणि मग तिचं हसू थांबलं. मला खुर्ची दिली, पाणी आणून दिलं. माझ्यावर रागावली नाही. का रागावली नाही, ते मला अजून कळलेलं नाही, आणि विचारायची माझी छाती नाही.

एक जुलैला ती कोट्याला निघाली. तिथल्या एका कोचिंग क्लासमध्ये पोरांना फिजिक्स शिकवायचं, सकाळी दोन बॅच, संध्याकाळी दोन. पीएचडीचं नंतर बघू म्हणाली. गाडी सकाळची होती, म्हणून आदल्या दिवशी सामानासकट आमच्याकडे आली. सकाळी निघताना प्रभावतीनं दह्याची वाटी आणली. आपल्यात बाहेरगावी निघालेल्या माणसाच्या हातावर दही देतात, तसं द्यायला.

"काकू, काकांच्या हातानं," प्रणाली म्हणाली.

मी नको म्हणालो. प्रभावतीनं माझ्याकडे बघितलं आणि वाटी माझ्या हातात दिली. मी ती खाली ठेवली, मोरीत गेलो, साबणानं हात धुतले. बाहेर आलो आणि पुन्हा आत गेलो. भांड्याच्या पावडरनं घासले. ते ग्रीस हातावरून लवकर जात नाही, पाणी लावलं तरी बोटं बुळबुळीतच राहतात, चाळीस वर्षांचा अनुभव आहे. आता डबीला हात लावून महिना झाला होता, तरी मी घासत होतो. बाहेरून तिचा आवाज आला, "काका, गाडी."

तिनं उजवा तळहात पुढे केला. लूनं कोरडा पडलेला, बोटांच्या पेरांशी ठिकठिकाणी उललेला, एका भेगेत लाल दिसत होतं. मी चमच्यानं थोडं दही ठेवलं.

"हाताला क्रीम लाव की गं," मी म्हणालो. "आता लावलंस तरी चालतं."

"सवय सुटली, काका," ती म्हणाली, आणि दही खाऊन तिनं बॅग उचलली.